घाईच्या रात्रीचे चिनी घरगुती नूडल्स

गाडीवर मिळतात तसे परतलेले नूडल्स घरी करायला गेलं की बहुतेक वेळा लगदा होतो. दोष हाताचा नसतो, शेगडीचा असतो. गाडीवरच्या बर्नरची आच घरच्या गॅसच्या कित्येक पट असते. कढईत काहीही पडलं की त्यातलं पाणी क्षणात वाफ होऊन उडतं. घरच्या आचेवर चार माणसांचे नूडल्स आणि तीन भाज्या एकदम टाकल्या की कढई थंड पडते, कोबीला पाणी सुटतं, आणि आपण परततोय म्हणत प्रत्यक्षात सगळं वाफवत बसतो. मग रंग यावा म्हणून सोया सॉस, चव यावी म्हणून चिली सॉस, ओलसरपणा जावा म्हणून आणखी पाच मिनिटं गॅसवर, आणि शेवटी पोरं विचारतात की आपण बाहेरूनच का नाही मागवत.

चीनमधल्या घरांतही हॉटेलची भट्टी नसते. म्हणूनच असेल, पण कामाच्या दिवशी रात्री तिथे घरोघरी जे नूडल्स होतात त्यातले पुष्कळसे परतलेले नसतातच. नूडल्स उकडायचे, वाडग्यात काढायचे आणि त्यावर सॉस, रस्सा किंवा कडकडीत तेल घालून कालवायचे. कढई लागलीच तर सॉसपुरती. संध्याकाळी सातला घरी पोचून आठच्या आत जेवायला बसायचं असेल तर आपल्याला हीच पद्धत उपयोगाची आहे.

खाली असे तीन प्रकार दिले आहेत. पहिल्यासाठी सुट्टीच्या दिवशी पातीच्या तेलाची एक बरणी करून ठेवावी लागते, मग आठवड्यातल्या दोन रात्री काम फक्त नूडल्स उकडण्याचं. दुसरा आणि तिसरा ऐनवेळी होतो. वेगळं सांगितलं नसेल तिथे प्रमाण चार माणसांचं. मोठा चमचा म्हणजे १५ मिलि, लहान म्हणजे ५ मिलि.

आधी सामान पाहू

किराणा दुकानात ‘हक्का नूडल्स’ म्हणून मिळणारी सुकी पाकिटं या तिन्हींना चालतात. मोठ्या माणसाला सुके ७५ ते ८० ग्रॅम धरा, लहान मुलाला ५०. म्हणजे दोन मोठी आणि दोन लहान माणसं असतील तर २५० ते २६० ग्रॅम. ताजे, मऊ नूडल्स मिळाले तर माणशी १२० ग्रॅम घ्या. पिवळसर, लवचिक नूडल्स पाहून त्यात अंडं असेल असं वाटतं, पण पुष्कळदा तो रंग खाराचा असतो. आपण पापडाला खार घालतो त्याच जातीचे क्षार पिठात मिसळले की मैदा पिवळट होतो आणि शिजल्यावरही धागा ताठ राहतो. घरात अंडं न खाणारं कुणी असेल तर रंगावर जाऊ नका, पाकिटावरची यादी वाचा. झटपट पाकिटातले नूडल्सही अडीअडचणीला चालतात, मसाल्याची पुडी बाजूला ठेवायची. ते बहुतेक आधीच तळलेले असतात, म्हणून वरचं तेल निम्मं करा.

सोया सॉसच्या दोन बाटल्या घ्या, लाइट आणि डार्क. लाइट म्हणजे कमी मिठाचा नव्हे. उलट तोच जास्त खारट असतो आणि खरी चव त्याची असते. डार्क दाट, काळा, किंचित गोडसर, तो रंगासाठी. एकच घ्यायची असेल तर लाइट घ्या, नूडल्स फिके दिसतील पण चव बिघडणार नाही. बाटली उलटी करून घटक वाचायची सवय इथे फार कामाला येते. पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढ्यावर यादी संपत असेल तर सॉस आंबवून केलेला आहे. सोयाबीनचं नाव शेवटी आणि कॅरॅमल रंगाचं आधी असेल तर ते रंगीत मिठाचं पाणी समजा. या लेखातल्या सगळ्या पदार्थांत सॉस जवळजवळ कच्चाच पडतो, त्यामुळे स्वस्त बाटली लगेच ओळखू येते. पैसे कुठे खर्च करायचे तर इथे करा.

तिळाच्या तेलाची एक गफलत नेहमी होते. चिनी तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं, तपकिरी आणि घमघमीत, आणि ते शेवटी थेंबभर घालायचं. आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळांचं. ते वाईट नाही, पण इथे तो वास येणार नाही. भाजलेलं मिळालं नाही तर एक चमचा तीळ भाजून भरड कुटा आणि वरून भुरभुरा.

व्हिनेगर चिनी काळं मिळालं तर उत्तम. ज्यांग्सू प्रांतातल्या झेनज्यांगचं काळं व्हिनेगर चिकट तांदळापासून करतात, त्याला आंबटपणाबरोबर एक गोडसर खोली असते. आपल्याकडचं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नुसतं झोंबतं, ते निम्मं घ्या आणि चिमूटभर साखर जोडा.

अजिनोमोटोबद्दल विचारणारे असतातच. घालायची गरज नाही, कारण त्यातलं चव आणणारं ग्लुटामेट सोया सॉसमध्ये आणि पिकलेल्या टोमॅटोत मुळातच असतं. ज्यांना घालायचं त्यांनी चिमूटभर घालावं. त्यापेक्षा लक्ष मिठाकडे द्या. एका मोठ्या चमचा लाइट सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि मोठ्या माणसाने दिवसभरात २,००० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात रक्तदाबाच्या गोळ्या घेणारं कुणी असेल तर त्यांच्या वाडग्यात सॉस निम्मा आणि भाजी दुप्पट.

नूडल्स उकडताना

घरात शिरल्यावर चप्पल काढायच्या आधी नाही, पण कपडे बदलायच्या आधी तरी पाणी ठेवा. २५० ग्रॅम सुक्या नूडल्सना किमान अडीच लिटर पाणी लागतं. वरणाचं छोटं पातेलं इथे चालत नाही. कमी पाण्यात नूडल्समधला स्टार्च दाट होतो, धागे एकमेकांना चिकटतात आणि पाणी उतू जातं. मोठ्या पातेल्यावर झाकण ठेवा. घाई असेल तर निम्मं पाणी विजेच्या किटलीत उकळा. या सगळ्या स्वयंपाकात सर्वांत जास्त वेळ या पाण्यालाच लागतो, म्हणून चिरणं-कुटणं त्या वेळेत बसवायचं.

पाण्यात मीठ घालू नका, सॉस पुरेसा खारट आहे. तेलही घालू नका. ते वर तरंगतं, आणि नूडल्स उपसताना त्यांना असं माखतं की सॉस धरतच नाही.

नूडल्स मोडू नका. आपल्याकडे शेवयांसारखे हातात धरून काडकन मोडायची सवय आहे. चीनमध्ये वाढदिवसाला लांब नूडल्स खातात, ते दीर्घायुष्याचं लक्षण मानतात आणि मुद्दाम तोडत नाहीत. ते बाजूला ठेवलं तरी मोडलेले तुकडे काट्याला गुंडाळत नाहीत, मुलांना चमच्याने भरवावे लागतात, आणि त्यात तुमचाच वेळ जातो. खळखळत्या पाण्यात पूर्ण वडी सोडा, अर्धा मिनिट हात लावू नका, मग चिमट्याने किंवा दोन काट्यांनी सोडवा.

पाकिटावर जो वेळ दिला असेल त्याच्या एक मिनिट आधी एक धागा काढून चावून पाहा. मधोमध पांढरा ठिपका पुसट झालेला पण दाताला किंचित विरोध करणारा धागा म्हणजे झाले. वाडग्यात पडल्यावरही ते स्वतःच्या उष्णतेने शिजत राहतात. ताजे, जाड नूडल्स असतील तर चिनी घरांतली जुनी रीत वापरा. पाणी उसळून वर आलं की अर्धी वाटी गार पाणी घालायचं, पुन्हा उसळलं की पुन्हा. दोन-तीनदा असं केलं की बाहेरचा भाग न फाटता आतपर्यंत शिजतात. फेस खाली बसतो आणि शेगडी पुसावी लागत नाही, हा वरचा फायदा.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याच पाण्यात हिरवी भाजी टाका. पाक-चॉय मिळत असेल तर तो, नाहीतर पालक, कोवळा कोबी उभा चिरून, किंवा मोड आलेले मूग. मुगाला एक मिनिट द्या. वेगळी कढई नाही, वेगळी भाजी नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं, नूडल्स गाळताना खाली पातेलं ठेवा आणि ते पाणी टाकू नका. त्यातलं पळीभर पाणी पुढे सॉस सैल करायला लागणार आहे. उरलेलं उत्तर चीनमध्ये वाडग्यात घेऊन जेवताना पितात. ज्या पाण्यात अन्न शिजलं तेच ते पचवतं, अशी तिकडची समजूत आहे. ज्यांना पेज आवडते त्यांना हेही आवडेल.

गरम खायचे असतील तर नूडल्स गार पाण्याखाली धुऊ नका. धुतलेल्या नूडल्सवर सॉस घसरतो. धुवायचे फक्त परतायला किंवा गार खायला.

सुट्टीच्या दिवशीची बरणी: पातीचं तेल

शांघायकडचा हा प्रकार दिसायला अगदी गरीब असतो. वाडग्यात तपकिरी नूडल्स आणि वर जळकट दिसणाऱ्या चार पाती. पण कांद्याची पात मंद आचेवर तेलात तळली की तिचा उग्रपणा जाऊन जो गोडवा येतो, त्यासाठी दुसरं काही लागत नाही.

साफ केलेली पात २०० ग्रॅम, वास नसलेलं तेल १५० मिलि, लाइट सोया सॉस ८० मिलि, डार्क सोया सॉस २५ मिलि, साखर २ मोठे चमचे. एवढ्यात सात-आठ वाडगे होतात, म्हणजे चौघांच्या कुटुंबाची दोन रात्रींची सोय. सूर्यफुलाचं किंवा रिफाइंड शेंगदाणा तेल घ्या. घाण्याच्या शेंगदाणा तेलाला स्वतःचा वास असतो. तो ज्यांना आवडतो त्यांनी खुशाल वापरावं, दक्षिण चीनमध्ये शेंगदाण्याचं तेल सर्रास चालतं.

आपल्या बाजारातल्या पातीला खाली चांगले टपोरे कांदे असतात. ते कापून वेगळे करा आणि पातळ उभे चिरा. हिरव्या पातीचे बोटभर लांबीचे तुकडे करा आणि जाड नळ्या उभ्या फाडा, नाहीतर त्यात पाणी अडकतं आणि तेलात फुटतं. धुतलेली पात कपड्यावर पसरून पूर्ण कोरडी करा. सकाळी धुऊन ठेवली आणि दुपारी तळली तर उत्तम. ओली पात तेलात पडली की हातावर शिंतोडे येतात आणि पात तळण्याऐवजी उकडते.

तेल आणि चिरलेले पांढरे कांदे गार कढईत एकत्रच घाला आणि मग गॅस मंद पेटवा. सहा-सात मिनिटांत कांदे कडेने सोनेरी व्हायला लागतात. आता हिरवी पात घाला. कढई भरून वाहील असं वाटेल, घाबरू नका, पाच मिनिटांत ती बसते. यापुढे आच वाढवायचा मोह आवरा. पंधरा ते वीस मिनिटं अधूनमधून उलथन्याने वरखाली करत राहायचं. सुरुवातीला पात हिरवीगार, मग मरगळलेली खाकी, मग कडांना तपकिरी. या मधल्या कंटाळवाण्या टप्प्यात आच मोठी केली तर टोकं काळी होतात आणि देठ हिरवेच राहतात, आणि तो कडवटपणा तेलात उतरला की काढता येत नाही.

शेवटची दोन मिनिटं मात्र कढईपासून हलू नका. बहुतेक पाती सुक्या तपकिरी, चुरचुरीत झाल्या आणि बुडबुडे कमी झाले की लगेच गॅस बंद करा. पूर्ण गडद रंग येईपर्यंत थांबायचं नाही, तेल गरम आहे तोवर रंग चढतच राहतो. थोड्या पाती वरून घालायला झाऱ्याने काढून ठेवा.

दोन्ही सोया सॉस आणि साखर एका वाटीत आधीच ढवळून ठेवलेली असावी. तेल मिनिट-दोन मिनिटं निवू द्या, मग हे मिश्रण कडेकडेने सोडा. फसफसून वर येईल, म्हणून खोल कढई. पुन्हा मंद आचेवर दोनच मिनिटं, साखर विरघळून सॉसला बारीक फेस येईपर्यंत. गार झालं की कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि फ्रिजमध्येच ठेवा. बाहेर ठेवू नका. तेलात बुडालेल्या पातीला लोणच्याइतकं मीठ आणि आंबट नसतं. आठ-दहा दिवसांत संपवा, चमचा कोरडा वापरा. तेल वर आणि सॉस खाली असा थर बसतो, घेताना तळापासून ढवळा.

मासे खाणाऱ्यांसाठी एक भर. शांघायमध्ये याच तेलात सुकी कोळंबी घालून वेगळा प्रकार करतात. आपल्याकडे कोकणात सोडे असतात, ते याला अगदी चपखल बसतात. मूठभर सोडे कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, घट्ट पिळून टिपा, मोठे असतील तर अर्धे करा, आणि पात तपकिरी व्हायला लागली की तेलात सोडा. सोड्यांचा खारेपणा धरून लाइट सोया सॉस एक मोठा चमचा कमी करा. सुकटही चालते, पण ती पटकन जळते, शेवटच्या मिनिटाला घाला.

जेवणाच्या वेळी काम उरतं ते एवढंच. प्रत्येक वाडग्यात बरणीतले दोन मोठे चमचे सॉस, वर गरम नूडल्स, एक-दोन चमचे नूडल्सचं पाणी, आणि तळापासून वर असं कालवायचं, प्रत्येक धाग्याला रंग लागेपर्यंत. लगेच खायचं. दहा मिनिटं थांबले तर नूडल्स सॉस पिऊन कोरडे पडतात. एवढ्याने पोट भरत नाही असं वाटत असेल तर २०० ग्रॅम चिकनचा खिमा बरणीतल्याच दोन चमचे तेलावर मोठ्या आचेवर मोकळा परता, सहा-सात मिनिटं, आणि वरून वाटा. किंवा प्रत्येकी एक तळलेलं अंडं.

बरणी नसलेल्या दिवशी टोमॅटो-अंडं

टोमॅटो आणि अंडं ही चीनमध्ये अगदी घरगुती जोडी. हॉस्टेलवर राहायला गेलेली मुलं बहुधा हाच पदार्थ आधी शिकतात. यात तिखट नाही, अनोळखी वास नाही, त्यामुळे चायनीज म्हटल्यावर नाक मुरडणारी आजीही खाते.

पिकून मऊ झालेले टोमॅटो ६०० ग्रॅम, अंडी ५, तेल ३ मोठे चमचे, आल्याचा अर्धा इंच तुकडा, दोन पाती, साखर १ लहान चमचा, लाइट सोया सॉस १ मोठा चमचा, मीठ. भाजीला न खपणारे, फ्रिजच्या खणात मऊ पडलेले टोमॅटो इथे कडक टोमॅटोंपेक्षा चांगले लागतात. कडकच असतील तर उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून साल काढा, नाहीतर सालीच्या गुंडाळ्या तोंडात येतात.

अंडी चिमूटभर मीठ आणि एक मोठा चमचा पाणी घालून फेटा. कढईत दोन चमचे तेल चांगलं तापवा. अंड्याचा थेंब टाकला की लगेच फुगून वर आला पाहिजे. सगळं अंडं एकदम ओता आणि पाच सेकंद काही करू नका. कडा फुगल्या की उलथन्याने कडेकडून मधे ढकला. भुर्जी करायची नाही, मोठे, मऊ, जाडसर तुकडे हवेत. वरून अजून ओलसर दिसत असतानाच ताटलीत काढा, कारण ते पुन्हा कढईत जाणार आहेत आणि तिथे पूर्ण शिजतील. जास्त झालेलं अंडं रश्शात स्पंजासारखं लागतं.

त्याच कढईत उरलेलं तेल, आल्याचे बारीक तुकडे, पातीचा पांढरा भाग, मग टोमॅटो. मीठ आत्ताच घाला, म्हणजे पाणी लवकर सुटतं. मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं, उलथन्याने अधूनमधून चेपत. निम्मे टोमॅटो विरघळलेले आणि निम्मे फोडी राहिलेले असे झाले की साखर, सोया सॉस आणि नूडल्सचं दीड वाटी पाणी घाला. ते पाणी आधीच स्टार्चने दाटसर असतं, त्यामुळे वेगळं कॉर्नफ्लोअर बहुधा लागत नाही. दाट आवडत असेल तर एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून सोडा. एक उकळी आली की अंडं परत घाला, एक मिनिट उकळू द्या, हिरवी पात, दोन थेंब भाजलेल्या तिळाचं तेल. गॅस बंद.

साखर विसरू नका. आपले टोमॅटो आंबट असतात आणि साखरेशिवाय हा रस्सा नुसत्या सारासारखा लागतो. तरीही हळद, मोहरी, जिरं, गरम मसाला यातलं काही घालू नका. एकदा तरी.

वाडग्यात नूडल्स, वर हा रस्सा पळीभर. मंगळवार, गुरुवार किंवा संकष्टीला अंडं चालत नसेल तर घट्ट टोफूचे जाड तुकडे तेलात दोन्ही बाजूंनी सोनेरी करून अंड्याच्या जागी घाला. पनीरही चालेल, पण मग टोमॅटो-पनीरची आठवण फार येते.

सर्वांत झटपट: वरून ओतलेलं तेल

शीआन शहर ज्या शान्शी प्रांतात आहे तिथला हा प्रकार. रुंद, पट्ट्यासारख्या नूडल्सवर सुकी मिरची आणि लसूण ठेवून वरून कडकडीत तेल ओततात. विदर्भात गोळाभातावर फोडणीचं तेल ओततात, अगदी तीच भूक आणि तोच आवाज. तिथल्यासारखे हाताने ओढलेले पट्टे आपल्याला रोज रात्री जमणार नाहीत. जाड किंवा चपटे नूडल्स मिळाले तर घ्या, नाहीतर नेहमीचे.

हा पदार्थ वाडग्यावाडग्याने होतो, म्हणून घरात कुणाचं तिखट जास्त, कुणाचं कमी असेल तर सर्वांत सोयीचा. एका वाडग्याचं प्रमाण असं. तळाशी लाइट सोया सॉस १ मोठा चमचा, काळं व्हिनेगर १ लहान चमचा किंवा पांढरं अर्धा, चिमूटभर साखर. त्यावर उकडलेले नूडल्स आणि पालक. मधोमध ढीग करून बारीक चिरलेली एक लसूण पाकळी, चिरलेली पात आणि भरड कुटलेली सुकी मिरची १ लहान चमचा. मिरची पूड नको, ती तेल पडताच काळी होते. बेडगी रंगाला आणि झेपेल तेवढी लवंगी तिखटाला, अशी मिसळून कुटा. मुलांच्या वाडग्यात मिरचीच्या जागी भाजलेले तीळ.

शान्शीमध्ये या मिरचीत सिचुआन मिरीही असते. ती आणि आपलं कोकण-गोव्याकडचं तिरफळ एकाच प्रजातीतल्या झाडांची. चव तंतोतंत सारखी नाही, पण जीभ झिणझिणण्याचा गुण दोन्हींत आहे. बांगड्याच्या आमटीसाठी आणलेलं तिरफळ घरात असेल तर आतलं काळं बी काढून टाका, टरफल किंचित भाजून कुटा, आणि चारही वाडग्यांत मिळून पाव लहान चमचा घाला. जास्त नको, पदार्थ माशाच्या आमटीकडे झुकतो.

छोट्या कढल्यात माणशी दीड मोठा चमचा तेल तापवा. पातीचा तुकडा टाकताच चर्र वाजला आणि तेलावर धुराची पहिली रेघ दिसली की तयार. आधी मिरचीच्या ढिगावर निम्मं ओता, दोन सेकंद थांबा, मग उरलेलं लसणीवर. वाडगा स्टीलचा किंवा जाड चिनी मातीचा असावा. मेलामाइनमध्ये किंवा पातळ काचेत हे करू नका, आणि मुलांना तेवढा वेळ ओट्यापासून लांब ठेवा. तेल पडून आवाज थांबला की लगेच कालवा.

तरीही परतायचेच असतील तर

तर दोन माणसांपुरतेच एका वेळी परता. नूडल्स एक मिनिट कमी शिजवा, गार पाण्याने धुवा, पूर्ण निथळू द्या, चमचाभर तेल चोळा आणि ताटात पसरून पंधरा मिनिटं वाळवा. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा, नॉनस्टिक नको. भाजी आधी परतून बाजूला काढा, मग नूडल्स एकटे परता, सॉस कढईच्या कडेवरून सोडा, भाजी शेवटी परत घाला. चौघांसाठी हे दोनदा करावं लागतं, म्हणून हा बेत शनिवारचा ठेवा.

बाजूला काय आणि डब्यात काय

सोबत काकडी पुरते. दोन काकड्या वरवंट्याने किंवा लाटण्याने ठेचा, ओबडधोबड तुकडे करा, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी ओतून द्या, मग लसूण, व्हिनेगर, चिमूटभर साखर, तिळाचं तेल. चिरण्याऐवजी ठेचायची कारण फाटलेल्या कडांमध्ये मसाला मुरतो. पाणी उकळेपर्यंत ही होते.

दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी नूडल्स द्यायचे असतील तर रात्रीच थोडे जास्त उकडा, ते तेवढे गार पाण्याने धुवा, तेल चोळून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी त्यात बरणीतला दीड चमचा सॉस, किसलेलं गाजर, काकडीचे लांब काप आणि कुटलेले शेंगदाणे घालून गारच कालवा. शेंगदाण्याचं कूट बारीक नको, भरड. गार नूडल्स चीनमध्ये उन्हाळ्यात मुद्दाम करतात, त्यामुळे डबा गरम करायची सोय नसली तरी अडत नाही. फक्त अंडं-टोमॅटोचा रस्सा डब्यात देऊ नका. दुपारपर्यंत नूडल्स तो सगळा पिऊन टाकतात. तो रस्सा उरलाच तर सकाळी पोळीबरोबर संपतो.